तात्यांचा डोळा

"साडेचार फूट!" मी ओरडलो.

फितीची पितळी कडी कॅमेऱ्याच्या खुंटीला अडकवलेली होती आणि फीत इकडे माझ्या चिमटीत, मंदाकिनीबाईंच्या डोळ्याच्या कोपऱ्याशी. तात्यांनी लेन्सवरचा आकडा साडेचारवर आणला आणि काचेला डोळा लावला. एरवी ते दोन क्षण बघत आणि "हं" म्हणून बाजूला होत. त्या दिवशी बराच वेळ वाकून राहिले.

"बळवंता, जरा धूसर वाटतंय रं."

"फीत बरोबर आहे, तात्या."

"परत एकदा मोज बघू."

मी परत मोजलं. साडेचारच. दिवे तापले होते, बाईंच्या कपाळावरचा रंग सुटायला लागला होता, पन्नास माणसं ताटकळत उभी होती. माझ्या आवाजात त्रागा आलाच. "साडेचार म्हणजे साडेचार, तात्या. फीत काय खोटं बोलणार आहे?"

"तात्यांचा चष्मा बदलायला झालाय," बाई हसून म्हणाल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण सगळा सेट हसला. खोटं कशाला बोलू, मीही हसलो.

तात्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काचेत बघितलं.

"मग माझाच डोळा," ते म्हणाले. "चालू द्या."

ही गोष्ट एकसष्ट सालची, कोल्हापूरची. आमच्या अरुणोदय स्टुडिओत केशव तात्या हुपरीकर म्हणजे शेवटचा शब्द. मी बळवंत लाटकर, त्यांचा पहिला सहायक. वय तीस, हाताखाली सात वर्षं काढलेली, आणि आपल्याला सगळं येतं असं वाटण्याचे ते दिवस.

तात्या मूळचे हुपरीच्या चांदीकाम करणाऱ्या घरातले. सोळाव्या वर्षी स्टुडिओत कुठल्याशा कॅमेऱ्याची दातेरी चकती घासून द्यायला म्हणून आले ते परत गेलेच नाहीत. कॅमेरा हाताने फिरवायचा तो काळ. वेग कमीजास्त होऊ नये म्हणून ते मनातल्या मनात आरती म्हणत आणि तिच्या ठेक्यावर दांडा फिरवत. उन्हाचा उजेड चेहऱ्यावर वळवायचे पत्रे ते स्वतः ठोकून करायचे. नवी नटी आली की पहिला दिवस तिला खिडकीशी बसवून शेंगा सोलायला लावत आणि लांबून नुसते बघत राहत. शेंगा सोलताना माणूस तोंड सांभाळत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी दिवे लावायला घेतले की त्या चेहऱ्याचं काय करायचं ते पक्कं ठरलेलं असायचं. सेटवर त्यांचं बोलणं एवढंच, "मान वर करा. तोंडावर उजेड येत नाही." पाटलाचं काम करणारा असो, पाणक्याचं असो, हे वाक्य सगळ्यांना सारखंच.

त्यांचे नियम दोन. काचेला डोळा त्यांच्याखेरीज कुणी लावायचा नाही, आणि अंतर सांगायचं ते फितीने. "डोळ्याला माया असती," ते मला म्हणायचे. "आवडीचं माणूस समोर आलं की त्याला सगळं लख्ख दिसतं. फितीला माया न्हाई."

ती फीतही त्यांच्याइतकीच जुनी होती. मेणकापडाची, हाताळून हाताळून पहिल्या फुटावरचे आकडे पार पुसून गेलेली. मंदाकिनीबाई नायिका असलेला हा चित्रपट सुरू व्हायच्या आधी तिची कडी लोंबायला लागली तेव्हा तात्यांनी मला मुंबईहून नवी मागवायला सांगितलं होतं. पत्र लिहायचं माझ्याकडून राहून गेलं. मुहूर्त उद्यावर आला तेव्हा मी धावतपळत महाद्वार रोडवर गेलो आणि चपला शिवणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडून कडी शिवून आणली. तात्यांना काही बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं त्यात?

तात्यांचं त्या दिवसांत वेगळंच चाललं होतं. आमचे मालक भाऊसाहेब इंगवले यांनी पुढचा चित्रपट रंगीत करायचा ठरवला होता आणि कॅमेरा तात्यांचाच, असा शब्द दिला होता. सत्तावन्न वर्षांचा माणूस लहान मुलासारखा हरखला. कापडाच्या दुकानातून चिंध्या मागून आणायचे, वहीत चिकटवायचे, सकाळी, दुपारी, दिवेलागणीला खिडकीत धरून बघायचे. "बळवंता, सांजचं हिरवा पहिला मरतोय बघ. तांबडा लई वेळ तग धरतोय." मी हो ला हो म्हणायचो. चाळीस वर्षं करड्या रंगात जग बघितलेल्या माणसाला आता कुणीतरी कुंकू लाल दाखवायची परवानगी दिली होती.

पण डोळ्यांची भीती त्यांच्या मनात होतीच. वर्षभरापूर्वी मिरजेच्या एका डॉक्टरांनी मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, काळजी करू नका, असं सांगितलं होतं. ही गोष्ट त्यांच्या बायकोला, म्हणजे सुंदराकाकींना आणि मला, दोघांनाच माहीत. मी ती कुणाजवळ बोललो नव्हतो. तेवढा तरी मी बरा होतो.

आमची फिल्म धुवायला मुंबईला जायची आणि रशेस, म्हणजे पडद्यावर बघायचे धुतलेले शॉट, आठ-नऊ दिवसांनी परत यायचे. तोपर्यंत मंदाकिनीबाईंचे सगळे जवळचे शॉट उरकले होते, आणि त्या पुण्याला परतल्या होत्या.

रशेस बघायला आम्ही चौघंच बसलो. मालक, दिग्दर्शक, तात्या आणि मी. पडद्यावर बाईंचा चेहरा आला. नवरा परत येत नाही हे कळल्यावरचा तो शॉट, सगळ्या चित्रपटाचा जीव त्यात. प्रकाश असा पडला होता की मालकसुद्धा "वा" म्हणाले. पण लगेच पुढे वाकून बघू लागले. बाईंचे डोळे धूसर होते. पुढचा शॉट, तोही तसाच. आठ दिवसांचं काम, एकूण एक जवळचा शॉट तसा.

दिवे लागले.

"तात्या, हे काय?" मालक म्हणाले.

तात्या पांढऱ्या पडद्याकडे बघत होते. "त्या दिवशी मला काचेत धूसर दिसत हुतं, मालक. मला वाटलं डोळा तेवढा कमी झाला. आकडाबी मीच चुकीचा वाचला असंल, ते बारीक आकडे..." त्यांनी वाक्य तोडलं. "बळवंतानं बरोबर सांगितलं हुतं. चूक माझी."

माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. डोळे धूसर होते, पण बाईंच्या कानातली कुडी? कुडीचा मोती न् मोती लख्ख होता. डोळ्यांपासून चार बोटं मागे सगळं लख्ख होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुतारखात्यात गेलो. तिथे सेट बांधायची लोखंडी पट्टी होती. फीत तिच्यावर अंथरली. पट्टीवर एक फूट संपला तिथे फितीवर एक फूट चार इंच होते. कारागिराने विरलेलं चार इंचांचं टोक छाटून टाकलं होतं आणि मग कडी शिवली होती. म्हणजे मी साडेचार फूट म्हणालो तेव्हा खरं अंतर चार इंचांनी कमी होतं. बिचाऱ्याने काम चोख केलं होतं, टाके अजून मजबूत होते. चुकलो होतो मी. पत्र लिहायचा कंटाळा, एवढीच ती चूक. त्या एवढ्याशा कंटाळ्यापायी मी एका माणसाला त्याच्या डोळ्यांसमोरची गोष्ट खोटी आहे म्हणून पटवून दिलं होतं, दोनदा मोजून, चारचौघांत.

फीत खिशात घालून मी निघालो तो तात्यांकडे जायला. खरंच निघालो होतो. हे मी इतक्या वेळा मनात म्हटलंय, की आता माझाच त्याच्यावर विश्वास बसेनासा झालाय.

वाटेत मालकांनी हाक मारली.

"लाटकर, आत या."

मालक टेबलामागे बसले नव्हते, खिडकीशी उभे होते. "बाईंना परत बोलावतोय. सगळे शॉट नव्याने घ्यायचे. कॅमेरा तुम्ही करा."

"मालक, तात्या..."

"तात्या माझ्या वडिलांच्या वेळचे. मला काय आनंद होतोय होय? पण त्यांच्या तोंडून ऐकलंत ना तुम्ही? डोळा गेलाय माणसाचा. आणि नीट होतंय असं दिसलं, तर रंगीत चित्रपटसुद्धा तुमचाच." त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "का? काही सांगायचंय का?"

माझा हात खिशात होता. कडी बोटाला लागत होती.

"काही नाही, मालक," मी म्हणालो.

हे दोन शब्द. त्यानंतर मी आयुष्यात पुष्कळ बोललो, सत्कारांत, मुलाखतींत, पण माझ्या आयुष्याचं जे काही झालं ते या दोन शब्दांनी.

तात्या चार दिवसांनी निरोप घ्यायला आले. मी नव्या फितीची गुंडाळी लपवावी तशी पाठीमागे धरली. त्यांनी कॅमेऱ्यावरून एकदा हात फिरवला. मग चिंध्यांची ती वही माझ्या हातात दिली. "रंगाला उपयोगी पडंल. दिवेलागणीचं पान नीट बघ." मी वाकून नमस्कार केला, तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तू त्या दिवशी खरं बोललास, बळवंता. मी तुझं ऐकायला पायजे हुतं आणि आकडा परत बघायला पायजे हुता. असाच खरा ऱ्हा."

मग त्यांना पेटीत जुनी फीत दिसली. "ही मी नेतो. तुला आता नवीच लागणार."

"नको, तात्या," मी पटकन म्हणालो. "अगदी जुनी झालीय, तुम्हाला दुसरी..."

"जुनी हाय म्हणूनच." त्यांनी ती गुंडाळून कोटाच्या खिशात टाकली.

पुढे अकरा वर्षं मी हुपरीला गेलो नाही. कोल्हापूरपासून हुपरी ती केवढी लांब, पण नाही गेलो. रंगीत चित्रपट झाला, त्याचं छायाचित्रण गाजलं, मला मुंबईत बोलावणी आली. दिवेलागणीच्या शॉटसाठी माझं नाव झालं. लोक विचारत, ही नजर कुठून आली? मी म्हणायचो, गुरूंची कृपा. ऐकणाऱ्यांना ते नम्रपणाचं वाटायचं. तात्यांना दोन-तीन निर्मात्यांनी पुन्हा बोलावल्याचं कानावर आलं होतं. त्यांनी सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं, माझ्या डोळ्यावर माझाच भरवसा राहिला नाही.

बहात्तर साली काकींचं कार्ड आलं, 'हे तुमची फार आठवण काढतात.' मग मात्र जावं लागलं.

दुपारची वेळ. दोन खोल्यांचं घर, पलीकडच्या पडवीत पुतण्याचं चांदीचं काम, बारीक हातोडीचा आवाज. तात्या वाळले होते, पण ताठ होते. मला बघून इतके खूश झाले की मला कुठे बघावं कळेना.

"अगं, च्या टाक. बळवंता आलाय, मुंबईचा मोठा माणूस!"

थोड्या गप्पा झाल्यावर ते म्हणाले, "बरं झालं आलास. एक काम हाय. ह्या खिडकीला नवी झडप करायची हाय. काल सुतार मोजून गेला, साडेतीन फूट म्हणाला. मी म्हटलं, बघू तरी आपण मोजून. ट्रंकेतनं आपली फीत काढली. अकरा वर्सांनी हातात घेतली बघ. मोजतोय तर मला दिसतंय तीन फूट दहा. तीनदा मोजलं. तीन-दहा, तीन-दहा, तीन-दहा." ते स्वतःवरच हसले. "अजून कळत न्हाई, मोजायला चुकतोय का आकडं वाचायला चुकतोय. तू मोज बाबा. तुझ्यावर भरवसा हाय."

फीत त्यांनी माझ्या हातात दिली.

मी कडी चौकटीच्या एका कडेला धरली आणि फीत ताणली. तात्या शेजारी उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते. चौकटीच्या दुसऱ्या कडेला फितीवर तीन फूट दहा इंच स्पष्ट होतं.

मला फक्त डोळ्यांसमोर दिसतंय ते वाचायचं होतं. तीन-दहा म्हटलं असतं तर त्या माणसाला एवढं तरी कळलं असतं की आपले डोळे शाबूत आहेत. मग फितीचं बिंग फुटलं असतं. मग ती कधी तुटली, कुणी शिवून आणली, कुणाला माहीत होतं, सगळंच आलं असतं. हा हिशेब माझ्या डोक्यात इतक्या झटपट झाला की मलाच माझी किळस आली. पण झाला.

"साडेतीन," मी म्हणालो. "सुतार बरोबर आहे, तात्या."

"बघ." तात्यांनी मान हलवली. चेहरा उतरला, तरी हसत राहिले. "म्हंजे डोळाच. मला वाटलं, आज तरी..."

काकी चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

"अहो, पण साडेतीन कसं होईल?" त्या म्हणाल्या. "सकाळी तुम्ही अंघोळीला गेल्यावर मी पण मोजलं होतं की. मला पण तीन-दहाच दिसलं."

तात्यांनी माझ्या हातातून फीत घेतली. माझ्याकडे बघितलं नाही. सुताराची लाकडी फूटपट्टी खिडकीतच पडली होती. कडीपासून त्यांनी फीत तिच्यावर अंथरली. मग चांदीकाम करणाऱ्याची ती बोटं फितीच्या टोकाशी आली आणि टाक्यांवर थांबली. एकेक टाका त्यांनी बोटाने मोजला.

"हा चपलंचा टाका हाय," ते म्हणाले.

मी फितीवरून नजर काढली.

"म्हंजे बाईंचा डोळा त्या दिवशी मला धूसर दिसला, तो धूसरच हुता."

"होय, तात्या."

"आणि रशेसमधी कुडी लख्ख हुती. ती मीबी बघितली. मला वाटलं, माझं मन राखायला डोळाच तसं दावतोय." त्यांनी फीत खाली ठेवली. "तुला कवा कळलं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. सुतारखात्यात." मी जमिनीकडे बघत म्हणालो. "मी तुमच्याकडेच निघालो होतो."

काकींनी चहाचे कप खाली ठेवले आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. मला वाटलं, आता ते मला घराबाहेर काढतील. काढलं असतं तर फार बरं झालं असतं. पण ते जागचे हलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि पुन्हा घालायच्या ऐवजी हातातच ठेवला. मग खिडकीतून बाहेर बघितलं. समोरच्या भिंतीवर कुणाचंसं लुगडं वाळत होतं. ते त्यांनी बराच वेळ बघितलं.

"हिरवं हाय," ते हळूच म्हणाले. "काठ तांबडा. काठात बारीक पिवळी रेघ हाय."

"होय, तात्या."

"हाय न्हवं रेघ?"

"आहे."

अकरा वर्षं हा माणूस समोर दिसणारी प्रत्येक गोष्ट दुसऱ्याला विचारून खरी करून घेत होता, हे मला तेव्हा कळलं. माझ्याने तिथे उभं राहवेना. मी खाली बसलो, त्यांच्या पायांशी, खिडकीच्या कट्ट्याला टेकून. काय बोलायचं ते जुळवत होतो. मान आपोआप खाली गेली.

तात्या माझ्याकडे वळले. चष्म्याशिवाय, डोळे बारीक करून, एक पाऊल मागे सरून ते माझ्याकडे बघत राहिले. स्टुडिओत शेंगा सोलणाऱ्या नट्यांकडे बघायचे, तसंच. किती वेळ, मला सांगता येत नाही.

"बळवंता," शेवटी ते म्हणाले, "मान वर कर. तोंडावर उजेड येत नाही."